वीस इंचांचा ओटा

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी आठला टेप घेऊन आम्ही त्या घरी पोचलो. झाडावरून पडून मणक्याला मार बसलेला तिशीतला मुलगा, दोन वर्षं व्हीलचेअरवर. ओट्यावरून खुर्ची चढवता-उतरवता यावी म्हणून रॅम्प बांधायला आईने मिस्त्री आधीच बोलावून ठेवला होता, विटांचा पहिला थर लागायच्या बेतात. आधी तो थांबवला. काम सरकारी निधीतून करायचं, तर मंजुरीच्या तारखेआधीचं बिल लेखापरीक्षणात टिकत नाही.

दुसरं कारण उताराचं. ओटा २० इंच उंच आणि मिस्त्रीने आखलेला रॅम्प १० फुटांचा, म्हणजे १:६. एवढ्या चढावर स्वतःच्या हाताने चाकं ढकलवत नाहीत आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडते. उतार १:१२ हवा, म्हणजे २० इंचांना २० फूट. समोर रस्ता १५ फुटांवरच. पण उजव्या अंगाला, जळण रचलेलं होतं तिथे, १६ फूट जागा निघाली. ओट्याच्या टोकापासून बाजूला १० फूट, मग ५ बाय ५ फुटांचा सपाट टप्पा, तिथून काटकोनात रस्त्याकडे १० फूट. रुंदी ४ फूट, चाक घसरू नये म्हणून कडेला ४ इंचांचा बांध, अडीच आणि तीन फुटांवर पाइपाचे दोन कठडे. मिस्त्रीला वर चकचकीत फरशी बसवायची होती. ती पावसात घातक; ओल्या काँक्रीटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या की पुरे. खाली मुरूम ठोकून वर ४ इंच काँक्रीट धरलं, ते ३५ घनफूट भरतं. १:२:४ ने (सिमेंट, वाळू, खडी) त्याला सहा-साडेसहा गोण्या सिमेंट.

मागच्या पडवीला लागून, घराच्याच पातळीवर, शौचालय. दार २४ इंच, खुर्ची साडेपंचवीस. आई त्याला दारातून उचलून आत नेत होती, दिवसातून तीन-चार वेळा. तिच्या मनगटाला कायमची पट्टी बांधलेली. पुढची भिंत २ फूट पडवीत सरकवायची, ३ फुटांचं बाहेर उघडणारं दार आणि खुर्चीच्या बैठकीइतका, १८ इंचांचा कमोड. हाताने धरायचे दांडे ४ इंची भिंतीत नुसत्या स्क्रूने बसवले तर महिन्यात उपटून येतात. आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टीच हवी.

रॅम्प ३८ हजार, शौचालय २१ हजार. दोन्ही अंदाजपत्रकं मुद्दाम वेगळी केली, कारण एकाच ठिकाणाहून ५९ हजार मिळणार नव्हते. प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख २० हजार नव्या घराला असतात, पक्क्या घरातल्या रॅम्पला नाहीत. उरला ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दिव्यांगांचा ५ टक्के निधी: ८ लाख ६० हजारांवर ४३ हजार. गावात दिव्यांग २९. दरवर्षी सारखे वाटले जायचे, माणशी सुमारे १४८० रुपये.

सभेत एक दृष्टिहीन मावशी उभ्या राहिल्या. “भाऊसाहेब, माझे पैसे त्याच्या संडासाला का?”

प्रश्न रास्त होता. २१ हजार काढले तर बाकीच्या २८ जणांना माणशी ७८५ च उरत होते. आम्ही एवढंच म्हणालो की १४८० रुपयांत कुणाच्याच घरातली अडचण संपत नाही. दरवर्षी दोन-तीन घरांचं काम पुरं करा, आणि पुढच्या वर्षीचा क्रम आजच लिहा. मावशींनी स्वतःचं नाव दुसऱ्या वर्षाला लिहून घेतलं, अंगणातून न्हाणीपर्यंत आधाराच्या दोरीसाठी आणि पायवाटेसाठी. मग ठराव झाला.

रॅम्पआधी शौचालय, हा आग्रह आमचा. ओट्यावरून खाली उतरवायला आठवड्यातून दोनदा शेजारी येतात. शौचालयासाठी कुणाला हाक मारणार?

युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, होतं. नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, मात्र वडील आणि चुलते या दोन भावांची नावं, म्हणून चुलत्यांचं संमतीपत्र दुपारी घेतलं. रक्कम कामानंतर खात्यात येणार, आणि घरात आगाऊ घालायला काही नव्हतं. तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याने मुलाच्या नावाच्या पक्क्या बिलावर दीड महिन्याची उधारी मान्य केली. रॅम्पचं प्रकरण जिल्हा परिषदेच्या सेस निधीसाठी (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला निधी) पंचायत समितीत दिलं.

निघताना आई जळणाच्या मोळ्या परसात नेऊन टाकत होती. तेवढं करायला हरकत नव्हती. आम्हीही चार मोळ्या उचलल्या आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर चुन्याने काटकोन आखून ठेवला.