मॅक एकट्याचा, गेम दोघांचा

बेळगावच्या शहापुरात बसून लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाईन करणाऱ्या माणसाकडे अ‍ॅपलचा मॅक असतो तो कामापुरता. माझा एम-वन मॅकबुक एअर आहे, ८ जीबी रॅमचा. २५६ जीबीची डिस्क, त्यातली निम्मी फॉन्टनी आणि गिऱ्हाइकांच्या फाइलींनी अडवलेली. त्यावर गेम खेळतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मॅकवर कुठले ओ गेम?" आहेत की, रग्गड आहेत. एकेक गेम तर तीन-चार ऑनलाइन दुकानांत मिळतो, किंमतही बरेचदा जवळपास तीच असते, आणि तरी प्रत्येक दुकानातून हातात पडणारी वस्तू निराळी असते. ती निवडताना माझी बरीच डोकेफोड झाली, म्हणून हे लिहितोय.

निमित्त झालं स्टारड्यू व्हॅलीचं. शेतीचा गेम आहे, २०१६ सालचा, आणि इंटरनेटवरून जोडीनं खेळता येतो. खानापूरच्या माझ्या मावसभावाला तो माझ्याबरोबर खेळायचा होता. त्याच्याकडे विंडोजचा लॅपटॉप. मावशीच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "दारात भाताची रोपं लावायची पडल्यात आणि ह्यो कॉम्प्युटरवर शेती करालाय." बोलणं खोटं नव्हतं.

मॅकवाल्याचा हात सवयीनं पहिल्यांदा मॅक अ‍ॅप स्टोअरकडे जातो. पासवर्ड तोच, वेगळं काही बसवायला नको, अपडेट आपोआप, आणि फॅमिली शेअरिंग चालू असेल तर गेम बनवणाऱ्यानं परवानगी दिलेली असली की घरातल्या सहा जणांना एकच खरेदी पुरते. पण ती प्रत अ‍ॅपलच्या अंगणातच राहते. सिव्हिलायझेशन ६ घ्या. तो अ‍ॅप स्टोअरवर आहे आणि स्टीमवरही, म्हणजे विंडोज-मॅक दोन्हींचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातही आहे. अ‍ॅप स्टोअरवाली प्रत घेतली तर स्टीमवाल्या मित्राबरोबर ऑनलाइन खेळता येत नाही. गेम तोच, नकाशा तोच, पण दोघं एका डावात बसू शकत नाहीत. मला तर खेळायचं होतं विंडोजवाल्याबरोबरच. तेव्हा जोडीनं खेळायच्या गेमसाठी अ‍ॅप स्टोअर तिथंच बाद झालं.

माझ्या मनात आणखी एक जुनी गोष्ट होती. स्टीम मॅकवर आलं मे २०१० मध्ये. त्या वेळी त्यांनी पोर्टल हा गेम काही दिवस फुकट वाटला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो, प्रेसमधल्या आयमॅकवर रात्रभर डाउनलोड लावून तो उतरवला आणि वेड्यासारखा खेळलो. पुढं २०१९ मध्ये अ‍ॅपलनं मॅकओएस या मॅकच्या प्रणालीची कॅटलिना ही आवृत्ती आणली आणि ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीचे प्रोग्राम चालवणंच बंद केलं. पोर्टलची मॅक आवृत्ती ३२-बिटच राहिलेली, त्यामुळे नव्या मॅकवर ती उघडतसुद्धा नाही. पण स्टीमवर घेतलेला गेम विंडोजसाठीही असेल तर बहुतेक वेळा त्याच खात्यात विंडोजची प्रतही असते. परवा मावसभावाच्या लॅपटॉपवर माझ्या खात्यानं आत शिरलो तर पोर्टल जागच्या जागी! हाच गेम फक्त मॅकपुरता घेतलेला असता तर त्या खरेदीला आज काही अर्थ उरला नसता.

म्हणून आता मी कुठल्याही दुकानात आधी बघतो ते हे: उद्या अ‍ॅपलनं काही बदललं तर ही प्रत दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडेल का? हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम मालिकेच्या चिपवाल्या मॅकवर, जुन्या इंटेल चिपसाठी लिहिलेले गेम रोझेटा या अ‍ॅपलच्याच प्रोग्रामच्या भाषांतरावर चालतात, आणि अ‍ॅपलनं २०२५ मध्ये जाहीर केलंय की रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील. त्यानंतर काही जुन्या, सांभाळ सोडलेल्या गेमांपुरता त्याचा थोडा भाग ठेवणार आहेत. आपला गेम इंटेलचा की अ‍ॅपलच्या चिपचा हे कळायला गेम चालू ठेवून अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडायचं आणि 'काइंड'चा रकाना बघायचा. तिथं 'इंटेल' दिसलं तर तो गेम भाड्याच्या घरात राहतोय असं समजा. स्टीमच्या पानावर काही गेमांना कॅटलिनाच्या पुढं चालत नसल्याची सूचनाही लावलेली असते. ती न वाचता नुसतं सफरचंदाचं चिन्ह बघून पैसे देऊ नयेत.

मग राहिले स्टीम आणि जीओजी हे तसलंच दुसरं ऑनलाइन दुकान. स्टारड्यू दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडच्या प्रती आमंत्रणाचा कोड देऊन एकमेकांशी खेळतात, त्यामुळे इथं निवड मोकळी होती. माझा ओढा जीओजीकडे. तिथं गेमला कुलूप नसतं. इन्स्टॉलर पीकेजी फाइल म्हणून उतरवून घ्यायचा, डिस्कवर ठेवायचा, पुन्हा कधी बसवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. विंडोजचा इन्स्टॉलरही त्याच पैशात. खानापूरकडे पावसाळ्यात लाइट गेली की नेटही जातं, अशा ठिकाणी पेनड्राइव्हवरून नेता येणारा गेम म्हणजे सोनंच.

पण जीओजीवर दर डॉलरमध्ये दिसले आणि माझं डेबिट कार्ड काही चालेना. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नवीन कार्ड देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतंच चालू असतं, परदेशी व्यवहार आपण मागून चालू करून घ्यायचा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्याचं बटण आहे. मी ते सरकवायचो, हिरवं व्हायचं, पान बदललं की परत करडं. शेवटी शाखेत गेलो. काउंटरवरच्या पोराला "गेम घ्यायचाय" म्हणायला जीभ रेटेना, म्हणून "सॉफ्टवेअर, परदेशी" असं म्हणालो. त्यानं कानडीत "फॉर्म तुंब्री", म्हणजे फॉर्म भरा, म्हणत कागद पुढं सरकवला. त्यावर परदेश प्रवासाची तारीख लिहायची जागा होती. मी विचारलं, प्रवास नाही, घरीच बसणार आहे, इथं काय लिहू? तो आत गेला, साहेबांना विचारून आला, आणि म्हणाला, आजची तारीख घाला. घातली. तरी कार्ड चालू व्हायला वेळ लागलाच, आणि चालू झाल्यावर कळलं की डॉलरच्या खरेदीवर बँक आपला वेगळा आकार लावते. छोट्या गेमला तो खुपतो.

तोवर मावसभावाचा धीर सुटला होता. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत दर असतात आणि यूपीआय चालतं. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, झालं. त्यानंही त्याच्या खात्यावर घेतला, कारण इंटरनेटवरून दोघांनी एकाच वेळी खेळायचं तर प्रती दोन लागतात. स्टीममध्येही कुटुंबाची सोय आहे, सहा जणांपर्यंत, पण एका प्रतीवर एका वेळी एकच जण बसतो, आणि ती एका घरातल्यांसाठी आहे. शहापूर आणि खानापूर एक घर नव्हे.

स्टीमचं मला दुसरं आवडलेलं म्हणजे परतीचा नियम. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. एक मोठा गेम ८ जीबीवर रखडत चालला, माणूस चालतोय की सरकतोय कळेना. लगेच अर्ज केला, पैसे वॉलेटमध्ये घेतले. जीओजी तर ३० दिवस देतं, खेळलेला असला तरी. अ‍ॅपलकडेही मागता येतात, पण तिथं असा तासांचा हिशेब आधी लिहून दिलेला नाही, कारण सांगून वाट बघायची. एक ध्यानात असू द्या, स्टीम आता पैसे देताना स्पष्ट लिहितं की तुम्ही परवाना विकत घेताय. खातं गेलं तर सगळंच गेलं.

कार्ड चालू झाल्यावर जीओजीवरून डिस्को इलिसियम घेतला. एकट्यानं वाचत वाचत खेळायचा गेम, तो माझ्याजवळ फाइल म्हणून असावा असं वाटलं. बाहेरच्या एसएसडीवर एका कोपऱ्यात पडून आहे. एपिक या आणखी एका दुकानात दर आठवड्याला फुकट गेम असतो म्हणून खातं उघडून ठेवलंय, पण त्यातले मॅकवर चालणारे थोडेच. इच डॉट आयओवर पोरं स्वतः बनवलेले छोटे गेम ठेवतात, तिथून उतरवलेला गेम मॅक बरेचदा उघडू देत नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन 'ओपन एनीवे' दाबावं लागतं. बनवणारा कोण हे माहीत असेल तरच दाबा.

अ‍ॅप स्टोअरला मी अगदी सोडलेलं नाही. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेजची मॅक आवृत्ती फक्त तिथंच आहे, तिथं निवडायला काही उरतच नाही. पूर्वी मोठा गेम मॅकच्या आतल्या डिस्कवरच बसवावा लागे, मॅकओएस १५.१ पासून १ जीबीहून मोठी अ‍ॅप बाहेरच्या डिस्कवर घेता येतात. माझ्यासारख्या २५६ जीबीवाल्याला हे फार झालं.

आता यादीत सायबरपंक २०७७ आहे. मॅकवर तो जुलै २०२५ मध्ये आला आणि स्टीम, जीओजी, एपिक, अ‍ॅप स्टोअर अशा चारही ठिकाणी मिळतो. अ‍ॅप स्टोअरवरची प्रत बरीच जड, कारण सगळ्या भाषांतले आवाज एकदमच येतात. शिवाय त्याला किमान १६ जीबी मेमरी लागते, म्हणजे माझ्या मॅकवर चालायचा नाहीच. तरी हिवाळ्याच्या सेलमध्ये जीओजीवर घेऊन ठेवणार आहे. विंडोजची प्रत त्याच पैशात येते, आणि मावसभाऊ दिवाळीला लॅपटॉप बदलणार आहे.