‘सर, खाली रेघ नाहीये’

डोंगराळ भागातला व्हीओआर अ‍ॅप्रोच, सिम्युलेटरवर: जमिनीवरच्या रेडिओ केंद्राच्या आधाराने टप्प्याटप्प्याने उतरणं. डीएमई म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, मैलांत. डीएमई 10 ला किमान उंची 4500 फूट, डीएमई 7 ला 4100, डीएमई 5 ला फायनल अ‍ॅप्रोच फिक्स (शेवटची उतरण सुरू होते तो बिंदू), तिथे 3600. शिकाऊ पोराने डीएमई 10 ला 4500 सोडलं, मिनिटाला 800 फुटांनी. वेग 120 नॉट, म्हणजे मिनिटाला दोन मैल. डीएमई 8 ला अल्टिमीटर 3700 दाखवत होता आणि काटा अजून खालीच चालला होता. मी सिम थांबवलं.

या मधल्या टप्प्यात अडथळ्यांच्या वर ठेवलेली मोकळीक असते साधारण 500 फूट. त्यातले 400 याने तिथेच खर्च केले. उरलेल्या 100 फुटांत अल्टिमीटरची चूक, हवेचे खाली दाबणारे झोत आणि चार्ट काढल्यानंतर डोंगरावर उभा राहिलेला एखादा टॉवर, एवढं सगळं बसवायचं!

‘4100 च्या खाली का गेलास रे?’

‘सर, खाली रेघ नाहीये. रेकमेंडेड आहे ना?’

मला वाटलं होतं उतरणीचा हिशेब चुकला असेल किंवा लक्ष रेडिओत असेल. तसं काहीच नव्हतं. पोरगं फ्लोरिडात शिकून आलेलं. अमेरिकन सरकारी चार्टवर आकड्याखाली रेघ असली तर ती किमान उंची, वर असली तर कमाल, वर-खाली दोन्हीकडे असली तर नेमकी तीच. रेघच नसेल तर शिफारस. आम्ही सिमवर वापरतो ते एका खासगी कंपनीचे चार्ट, आणि आमच्या संचातल्या खुणांच्या पानांवर स्वच्छ छापलंय की प्रोफाइलमधला (उतरण बाजूने दाखवणाऱ्या आकृतीतला) प्रत्येक आकडा, वेगळं काही लिहिलं नसेल तर, किमान उंचीच समजायचा. आकडा दोन्हीकडे तसाच कोरा, अर्थ मात्र उलटा. फ्लोरिडाच्या सपाटीवर हे खपून गेलं असतं.

खुणांची पानं कोणी वाचत नाही. परीक्षेत त्यावर चार प्रश्न येतात, ते पाठ असतात. माल्टीज क्रॉस म्हणजे फायनल अ‍ॅप्रोच फिक्स, हे झोपेतही सांगतील. पण आयएलएसच्या (रेडिओने दिशा आणि उतार दोन्ही दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) अमेरिकन चार्टवर तोच क्रॉस दाखवला की निम्मी मुलं अडकतात. तिथे क्रॉस आहे तो नुसत्या लोकलायझरवर, म्हणजे फक्त दिशेच्या खुणेवर, येणाऱ्यासाठी. ग्लाइडस्लोप, म्हणजे उताराची खूण, चालू असेल तर फायनल सुरू होतं ते विजेसारख्या नागमोडी बाणापाशी, छापलेल्या उंचीवर ग्लाइडस्लोप पकडला की. मग क्रॉसपाशी एक बिनरेघेचा आकडा असतो तो कशाला? ग्लाइडस्लोपवर बसून तिथून जाताना अल्टिमीटर तेवढा दाखवतोय का, हे ताडून बघायला. बराच फरक पडला तर क्यूएनएच (अल्टिमीटरला द्यायचा हवेचा दाब) चुकीचा लावलाय किंवा खोट्या ग्लाइडस्लोपवर बसलोय. याच आकड्याकडे बघून ‘बिनरेघेचं म्हणजे नुसतं माहितीसाठी’ ही सवय लागते. सवय चूक नाही, तिचं गाव वेगळं.

त्यात टॅबलेट. दोन बोटांनी प्रोफाइल मोठं केलं की प्लॅन व्ह्यू (वरून दिसणारा नकाशा) पडद्याबाहेर जातो आणि त्याबरोबर कोपऱ्यातल्या बारीक टिपाही. कागदाचा चार्ट निदान अख्खा मांडीवर असायचा. ब्रीफिंगही याने केलं होतं, पाढे म्हणावेत तसं: ‘फोर थाउजंड वन हंड्रेड अ‍ॅट सेव्हन डीएमई.’ आकडा बरोबर. ‘याच्या खाली नाही’ हे शब्द त्यात नव्हते, आणि मीही ऐकताना मान डोलावली होती.

फळ्यावर मग 1 डिसेंबर 1974 काढला. टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनचं बोइंग 727, वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे, धावपट्टी 12 चा व्हीओआर/डीएमई अ‍ॅप्रोच. विमानतळ 44 मैलांवर असतानाच नियंत्रकाने अ‍ॅप्रोचची परवानगी दिली. प्रोफाइल सुरू होत होतं राउंड हिल या फिक्सपासून, आणि तिथे आकडा 1800. त्याआधी काय, ते प्रोफाइलमध्ये काढलेलंच नव्हतं. प्लॅन व्ह्यूमध्ये फ्रंट रॉयल ते राउंड हिल या रेषेवर 3400 छापलेलं होतं, पण विमान त्या रेषेवरून येत नव्हतं. कॅप्टनला 3400 दिसलं होतं, कॉकपिटमध्ये त्यावर बोलणंही झालं. परवानगी मिळाली म्हणजे खाली जाता येतं, असं ठरवून ते 1800 कडे उतरले आणि माउंट वेदरच्या उतारावर साधारण 1670 फुटांवर आदळले. 92 माणसं गेली. जमीन जवळ आली की ओरडणारी यंत्रणा अमेरिकेत एअरलाइन्सच्या विमानांवर सक्तीची झाली ती यानंतर.

त्या वैमानिकांनी चार्ट वाचला नाही, असं म्हणता येत नाही. छापलेल्या आकड्याबरोबर न काढलेला भागही त्यांनी वाचला, आणि तो ‘मोकळा’ असा वाचला. आमच्या पोराने न काढलेली रेघ वाचली. चौकशी मंडळाचंही एकमत झालं नाही: तिघांनी उतरण्याच्या निर्णयावर बोट ठेवलं, तर दोघांनी नियंत्रकाच्या परवानगीवर.

पोराला परत डीएमई 12 वर ठेवलं. पेन्सिलीने किमान आकड्यांखाली रेघा मारायला लावल्या, आणि प्रत्येक फिक्सआधी ‘पुढची उंची, याच्या खाली नाही’ असं मोठ्याने म्हणायला. डीएमई 7 ओलांडेपर्यंत 4100, मग 3600, मग एमडीए, म्हणजे धावपट्टी दिसेपर्यंत जिच्या खाली जायचं नाही ती उंची. दुसरा प्रयत्न नेटका झाला, 50 फूटसुद्धा इकडेतिकडे नाही.

मूल्यमापनाच्या फॉर्मवर खाना एकच आहे: ‘उंची राखण्यात चूक’. त्यावर टिक केली. शेऱ्यात लिहिलं, ‘खुणांची पानं वाचलेली नाहीत.’ सही करायच्या आधी त्याखाली आणखी एक ओळ घातली: ‘आमच्याकडून शिकवलेलीही नाहीत.’ फॉर्म वर गेलाय. अजून कोणी काही विचारलेलं नाही.