व्हर्मीरचे आठ, आपले पावणेदहा: डेल्फ्टच्या पाण्याकाठी एक सकाळ

सकाळी आठला नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावी, होइकाडे या पाण्याकाठच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि मन खट्टू झालं. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या ‘डेल्फ्टचं दृश्य’ या चित्राची छापील प्रत माझ्या टेबलासमोर अकरा वर्षं लावलेली आहे. त्याने गाव पाहिलं ते इथूनच. पण समोर सगळं करडं होतं, ऊन घरांच्या मागे अडकलेलं.

आठची वेळ मी मुद्दाम धरली होती. चित्रातल्या स्खिडाम वेशीवरच्या घड्याळात सात वाजून गेलेत, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या खगोल अभ्यासकांनी निवे केर्क या चर्चच्या मनोऱ्यावर पडलेली उन्हाची तिरीप मोजून वेगळा हिशेब मांडला: सकाळचे आठ, ३ किंवा ४ सप्टेंबर, वर्ष १६५९ किंवा त्याआधीचं. म्हणून मी ४ सप्टेंबरला गेलो. एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली नव्हती. तेव्हा गावाचं घड्याळ गावाच्या सूर्यावर चालायचं. आज तिथे उन्हाळी वेळ लागू असते आणि सूर्य डोक्यावर येतो दुपारी पावणेदोनच्या सुमारास. म्हणजे व्हर्मीरचे आठ हे आपले पावणेदहा. तुम्ही जाल तेव्हा हे लक्षात ठेवा, आणि जाकीट न्या. पाण्यावरचा वारा सप्टेंबरातही झोंबतो.

थांबलो ते बरं झालं. पावणेदहाला काठावरच्या घरांवर मोठा ढग आला आणि मागचा मनोरा एकदम उजळला. दोन-तीन मिनिटंच. पण चित्रात नेमकं हेच आहे. पुढची वेस, तटबंदी, नावा सावलीत आणि मागचं गाव उन्हात.

जुळणाऱ्या गोष्टी शोधायला जाल तर फार थोड्या सापडतील. स्खिडाम आणि रॉटरडॅम या दोन्ही वेशी एकोणिसाव्या शतकात पाडल्या. निवे केर्कचा मनोरा आहे, पण १८७२ मध्ये वीज पडून जळाल्यावर त्याला नवं, उंच शिखर चढवलं. चित्रातला मनोरा बुटका दिसतो. तिथल्या जुन्या वेशी कशा असतील याची कल्पना यायला ओस्टपोर्टला जा. गावाची उरलेली एकमेव वेस तीच, आणि होइकाडेपासून चालत जाता येतं.

दुपारी हेगला मॉरित्सहाउस संग्रहालयात मूळ चित्रासमोर उभा राहिलो. चित्र जवळजवळ एक मीटर उंच आणि त्याहून थोडं रुंद आहे. छापील प्रतीत दिसत नाही ते इथे दिसतं: कौलांवरचा खरबरीत रंग, आणि उजवीकडच्या नावांच्या अंगावर, सावलीतसुद्धा, पेरलेले प्रकाशाचे ठिपके. सकाळी दोन तास तोच काठ पाहिल्यामुळे आणखी एक गोष्ट कळली. इतर चित्रकारांच्या जुन्या रेखाटनांत हे गाव उभट आणि दाटीचं आहे. व्हर्मीरने ते आडवं, शांत केलं. रॉटरडॅम वेशीचं प्रतिबिंब तर त्याने नंतर लांबवलं, हे क्ष-किरण तपासणीत दिसून आलंय.

शाळेत इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी आम्हाला एकच शिकवलं गेलं: हुबेहूब आलं पाहिजे. मीही अनेक वर्षं तसंच मानत आलो. आता नाही मानत. १२ ऑक्टोबर १६५४ ला दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन डेल्फ्टचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. चित्रकार कारेल फाब्रित्सियुस त्यातच गेला. त्याने काढलेलं पक्ष्याचं इवलंसं चित्र याच संग्रहालयात आहे, ते चुकवू नका. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्याच गावातला माणूस गाव रंगवतो, आणि ते इतकं अखंड, इतकं स्वस्थ. याला मी खोटं म्हणणार नाही. विटा मोजून हे सांगता आलं नसतं. त्याने हे अंधारपेटी (बारीक छिद्रातून बाहेरचं दृश्य आत पाडणारी पेटी) वापरून काढलं की नुसत्या डोळ्यांनी, या वादात मला रस उरलेला नाही.

सोमवारी संग्रहालय दुपारी उघडतं, तेव्हा इतर वारी जा आणि वेळेचं तिकीट आधीच काढून ठेवा. गर्दी असते ती व्हर्मीरच्याच ‘मोत्याच्या डुलवाली मुलगी’ या चित्रापाशी. या चित्रासमोर निवांत उभं राहता येतं. आधी डेल्फ्ट, मग चित्र, हाच क्रम ठेवा. दोन्ही गावांमध्ये आगगाडीने साधारण पंधरा मिनिटं लागतात. तिकिटाऐवजी कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, पण स्टेशनात शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवायचं. डेल्फ्ट स्टेशनपासून होइकाडे दहा-बारा मिनिटं चालत.

चित्रात अलीकडच्या काठावर डावीकडे दोन बायका बोलत उभ्या आहेत. त्यांच्या उजवीकडे व्हर्मीरने आधी एक माणूस काढला होता, मग पुसून टाकला. संग्रहालय बंद व्हायची सूचना होईपर्यंत मी त्या मोकळ्या वाळूकडे बघत होतो. सकाळी मी उभा होतो तो काठ हाच.