पेन्सिल्व्हेनियातल्या गावपोलिसाला रडारगन नाही

पुण्यात मामांकडे स्पीडगन असते, एक्स्प्रेसवेवर कॅमेरे लागले. आणि इथे, फिलाडेल्फियाच्या उपनगरात, टाउनशिपचा, म्हणजे गावच्या स्थानिक सरकारचा, पोलीस गाड्यांचा वेग मोजायला रस्त्यावर पांढरे पट्टे रंगवून घड्याळ लावतो. थट्टा नाही, कायदाच तसा आहे. राज्य पोलिसांना रडार 1961 पासून वापरता येतं. गावच्या पोलिसाला मात्र ते हाती धरायला बंदी, आणि अशी बंदी असलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य.

मग वेग मोजायचा कसा? एक रीत व्हॅस्कार. मोजलेल्या अंतरावर दोन पट्टे. गाडी पहिल्यावर आली की बटण, दुसऱ्यावर आली की पुन्हा बटण. अंतर भागिले वेळ. पट्ट्यांत 132 फूट असतील तर ताशी 45 मैलांची गाडी ते बरोबर 2 सेकंदांत पार करते. बोट सेकंदाच्या दहाव्या भागाने चुकलं की तीच गाडी 47 च्या वर दिसते. दुसरी रीत एनरॅड. रस्त्याच्या दोन्ही कडांना खांब, मधून 3 फुटांच्या अंतराने दोन अवरक्त किरण. हे अचूक आहे, पण खांब समोरासमोर नेमके जुळवावे लागतात, दोन्ही बाजूंना सपाट जागा लागते, आणि दोन दिशांच्या गाड्या एकदम किरणांत आल्या तर नेमकी कुणाची नोंद झाली हे सांगता येत नाही. वळणावर, उतारावर, बर्फाच्या ढिगात हा खटाटोप करून बघावा.

यंत्रावर भरवसा कमी म्हणून कायद्याने सूटही दिली आहे. ताशी 55 मैलांपेक्षा कमी मर्यादेच्या रस्त्यावर या साधनांनी पकडलेला चालक किमान 10 मैल जास्त असल्याशिवाय दोषी ठरत नाही (शाळेजवळच्या भागासारखे अपवाद सोडून). म्हणजे 25 च्या गल्लीत 34 ने जाणारा सुटला. हे सगळ्या स्थानिकांना पाठ आहे.

यात पैशाची अडचण नाही, हेच चिडवणारं. 1966 च्या महामार्ग सुरक्षा कायद्यातून केंद्राचा निधी राज्याला येतो. त्यातला किमान 40 टक्के स्थानिक पातळीसाठी खर्चावा लागतो. राज्याचं परिवहन खातं त्यातून टाउनशिपना आक्रमक ड्रायव्हिंगविरोधी मोहिमांसाठी अनुदान देतं: मागे चिकटणारे, लाल सिग्नल तोडणारे, कट मारत सुटणारे. हा पैसा मुख्यतः ओव्हरटाइमचा. नेहमीच्या पगाराची जागा त्याने भरायची नाही. आधी टाउनशिपने खिशातून द्यायचं, मग तासांचा हिशेब जोडून परतफेड मागायची. केंद्राचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, टाउनशिपचं जानेवारीत, त्यामुळे छोट्या गावाला मध्येच रोकड अडकते. कॅमेऱ्यावर हा निधी खर्चायलाही मनाई आहे, शाळा आणि रस्ताकामाचा भाग वगळता. थोडक्यात, माणसाचे तास विकत घ्या, पण चांगलं साधन त्याच्या हाती देऊ नका.

रडारला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की गावं त्याने तिजोरी भरतील. आकडा मांडून बघा. 25 च्या रस्त्यावर 45 ने गेलात तर मूळ दंड 35 डॉलर, शिवाय पहिले 5 मैल सोडून पुढच्या प्रत्येक मैलाला 2, म्हणजे एकूण 65. गावच्या पोलिसाने पकडलं तर त्यातला निम्मा टाउनशिपला, साडेबत्तीस डॉलर. कोर्टखर्च आणि अधिभार जोडून चालकाचं बिल दुपटीच्या वर जातं, पण ती रक्कम गावाची नाही. पोलीस त्या पावतीसाठी कोर्टात उभा राहिला की तेवढ्या वेळाचा त्याचा ओव्हरटाइमच यापेक्षा जास्त भरतो. तिजोरी कसली भरणार! चालकाला खरी धास्ती असते ती परवान्यावर चढणाऱ्या दंडगुणांची: 20 मैल जादा म्हणजे 4 गुण, आणि 6 जमले की लेखी परीक्षा.

आपल्याकडची थकलेली ई-चलानं आठवून कुणी नाक मुरडेल. मुरडू दे. वसुली आपली कच्ची असेल, पण वेग मोजायला यंत्र तरी आपण नाकारलेलं नाही. इथे गावपोलिसाला रडार देण्याचं विधेयक राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, वारंवार येतं आणि अडकतं. दरम्यान फिलाडेल्फियाच्या रूझवेल्ट बुलेवार्डवर 2020 पासून कॅमेरे आहेत, 11 मैल जादा गेल्यावर दंड, परवान्यावर गुण मात्र शून्य. तेही 2018 च्या वेगळ्या कायद्याने मिळाले. पलीकडच्या टाउनशिपला ती सोय नाही; तिथे अजून पट्टे रंगवायचे.