उपवासकाळ आणि नळाचं पाणी

गुरुवार, रात्री

आठवडाभर घरात एकच विषय चाललाय, नळाला मोटर लावायची की नाही. मुलाचं म्हणणं, गल्लीत बहुतेकांनी लावली आहे, मग आपणच का मागे राहायचं? ह्यांनी अजून हो-नाही काही म्हटलेलं नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. ते का ठरलेलं आहे हे आज नीट लिहून काढते, कारण बोलायला गेलं की आवाज चढतो आणि मुद्दा तिथेच राहतो.

सोलापूरबाहेरच्या माणसाला आमचं पाणी आधी समजावून सांगावं लागतं. उजनी धरण 117 टीएमसीचं (म्हणजे 117 अब्ज घनफूट पाणी मावणारं), पण शहरापासून शंभरावर किलोमीटर लांब. तिथून जलवाहिनीने येणारं आणि भीमेतून खाली औज बंधाऱ्यात सोडलेलं पाणी, यावर आमचं भागतं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून सगळी मदार तळाच्या मृतसाठ्यावर. नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. कधी पहाटे, कधी रात्री सगळे झोपायच्या बेतात असताना. पाणी सुटलं की गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग मोटरींची घरघर.

मोटर थेट नळाला लावली की ती लाइनमधलं पाणी ओढून घेते. आपल्याकडे धार वाढते ती शेजारच्या नळातून कमी होऊन. मागच्या पाळीला आमचा नळ मध्येच फुरफुरला आणि बंद पडला. तोंडावर तळहात ठेवला तर हात आत ओढला जात होता. पाणी यायच्या जागी नळच हवा ओढत होता! लाइन कुठे फुटकी असली आणि बाजूला गटार असलं, तर या ओढीने ती घाणही आत येते आणि मग सगळ्या गल्लीची पोटं बिघडतात. महापालिका अशा मोटरी जप्त करते ते उगाच नाही.

आमच्या गल्लीला चढ आहे. वरच्या टोकाला अक्का राहतात. त्या विड्या वळतात. वळायच्या आधी पानं भिजवावी लागतात, कोरडं पान कातरीखाली फाटतं. म्हणजे पाणी नाही आलं तर नुसती धुणी-भांडी अडत नाहीत, त्यांची मजुरी अडते. हजार विड्यांवर पैसे मिळतात, आणि पानच भिजलं नाही तर हजार कुठून भरणार? मोटर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी अक्कांचं पानांचं टोपलं येतं.

मुलगा काल म्हणाला, "आई, आपण नाही लावली म्हणून अक्कांना पाणी मिळणार आहे का? बाकीचे ओढतातच की." त्याचं खोटं नाही. आमच्या एका घराने हात आवरला म्हणून चढावर पाणी पोचेल अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण देव मला बाकीच्यांचा हिशेब विचारणार नाही, माझ्या नळाचा विचारील. आणि दुसरं, "सगळेच करतात" हे वाक्य एकदा घरात रुळलं की ते नळापाशी थांबत नाही. ते मुलाच्या नोकरीत जातं, हिशेबाच्या वहीत जातं, उद्या त्याच्या संसारात जातं. मला भीती आहे ती त्याची.

आम्ही ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ भस्म बुधवारी सुरू होतो, तेव्हापासून घरात मटण-मासे बंद आहेत. संध्याकाळी सगळे मिळून बायबलचं वाचन करतो. या आठवड्यात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 58 वा अध्याय आला. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला आणि तुझं लक्ष कसं नाही? देव उत्तर देतो की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच स्वार्थ बघता, मजुरांना राबवून घेता. मला हवा तो उपास म्हणजे जुलमाचं जू मोडणं, भुकेल्याला आपल्यातलं अन्न वाटून देणं. तसं जो करील तो भरपूर पाणी मिळालेल्या मळ्यासारखा होईल, न आटणाऱ्या झऱ्यासारखा होईल, असंही पुढे तिथेच आहे. वाचताना मुलगा गप्प झाला. मी त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. वचन माझ्या बाजूने आलं म्हणून ते त्याच्यावर उगारणं मला बरोबर वाटत नाही.

मला स्वतःला या दिवसांत जास्त आठवतो तो अब्राहामाचा मुलगा इसहाक, बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायातला. बापाने खणलेल्या विहिरी तिथल्या पलिष्टी लोकांनी माती टाकून बुजवलेल्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या. त्याच्या चाकरांना खोऱ्यात नवा झरा लागला तर गराराचे गुराखी भांडायला आले, पाणी आमचं म्हणाले. त्याने ती विहीर सोडली. दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण झालं, तीही सोडली. तिसरीवर कोणी भांडलं नाही. हे वाचून काहींना इसहाक भित्रा वाटतो. पण त्याच अध्यायात थोडं आधी पलिष्ट्यांचा राजा अबीमलेख त्याला म्हणतो की तू आमच्यापेक्षा फार बलाढ्य झाला आहेस, इथून जा. म्हणजे ओढून घ्यायची ताकद त्याच्यात होती आणि तरी त्याने ओढलं नाही. पुढे तोच राजा समेट करायला येतो आणि त्याच दिवशी चाकर येऊन सांगतात, पाणी लागलं.

इसहाकाला सरकायला जागा होती, आम्हाला नाही, हेही खरं. गल्ली सोडून कुठे जाणार? घरात सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यांचे कपडे रोज धुवावे लागतात. विश्वासाच्या नावाखाली घरच्यांना कोरडं ठेवणं हेही मला मान्य नाही. म्हणून ह्यांच्यापुढे मी हौदाची गोष्ट काढली. रस्त्याच्या पातळीखाली हौद बांधला की लाइनमध्ये जेवढा दाब असेल तेवढ्यावर पाणी आपोआप उतरतं, शेजाऱ्याचं ओढलं जात नाही. हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवायला मग खुशाल मोटर लावावी. खर्च मोटरीच्या कितीतरी पट आहे. मला तो करावासा वाटतो.

शुभ शुक्रवार, येशूला वधस्तंभावर दिलं तो दिवस, जवळ आलाय. बारा ते तीनच्या उपासनेत त्याने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन होतं. आपल्याकडे तेव्हा बाहेर उन्हाचा कहर असतो, पंख्याची हवासुद्धा गरम लागते. "मला तहान लागली आहे" हा पाचवा उद्गार आला की माझ्या घशाला दरवर्षी कोरड पडते. ज्याने शोमरोनी बाईला जिवंत पाणी देऊ केलं, त्याला वधस्तंभावर तहान लागली आणि मिळाली ती आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस. त्या दिवशी उपासनेत बसायचं आणि घरी येऊन दुसऱ्याच्या तोंडचं पाणी ओढायचं, हे मला जमणार नाही.

रात्री जेवताना हे एकदाचे बोलले. गवंड्याला रविवारी उपासनेनंतर बोलवतो, खर्चाचा अंदाज घेऊ, म्हणाले. मुलगा अजून नाराज आहे, पण अंगणात हौद कुठे बसेल ते त्यानेच टेप घेऊन मोजलं. चढावरच्या घरांना पाणी पोचत नाही, असा अर्ज मी झोन ऑफिसला द्यायला लिहून ठेवलाय. पहिली सही अक्कांची घेईन. मग मोटर लावलेल्या घरांतही सहीला जाणार आहे, कारण त्यांच्याही घरी पुढच्या उन्हाळ्यात पाणी लागणारच आहे.