अंधारात पळून जायची सोय संपली

आकाशदर्शनाचा नाद असलेल्या माणसाला नातेवाईक आणि सोसायटीवाले अधूनमधून एकच प्रश्न विचारतात, "काल रांगेने दिवे गेले ते काय होतं रे?" सोबत हलणारा व्हिडिओ, खाली कोणीतरी यूएफओ लिहिलेलं, कोणी क्षेपणास्त्र. मग मी टाईप करतो की बहुतेक स्टारलिंक आहे, म्हणजे आकाशातून इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे नुकतेच सोडलेले उपग्रह आहेत, अजून आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक चाललेत, थोड्या दिवसांत पांगतील. त्यावर आत्याचा मेसेज येतो, "काय सुंदर दिसतं ना!" आता हिला काय सांगू? दिसतं सुंदर, खरंय ते.

आणि आम्हीही काही उपग्रहांचे जन्माचे वैरी नाही बरं का. सॅटेलाइट फोनवाल्या इरिडियमचे जुने उपग्रह होते तेव्हा त्यांच्या चकाकीची वेळ हेवन्स अबव्ह या वेबसाइटवरून काढून आम्ही गच्चीवर पोरांना उभं करायचो, "तिकडे बघ, आता, आता..." आणि शुक्रापेक्षा कितीतरी जास्त उजेड दोन-चार सेकंद चमकून गायब, पोरं टाळ्या पिटायची. पण ते उपग्रह होते साठ-सत्तर. मे 2019 मध्ये स्टारलिंकने पहिल्याच मोठ्या उड्डाणात 60 एकदम सोडले आणि नंतर हजारोंनी, शिवाय याच धंद्यात वनवेब आहे, ॲमेझॉन आहे, चीनवाले आहेत. फरक फक्त आकड्याचा आहे पण आकडाच सगळं बदलून टाकतो.

आता थोडं गणित, कारण यात आपल्याकडचे लोक नशीबवान आहेत. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो, त्याच्यावर ऊन पडतं म्हणून तो दिसतो. साधारण 550 किमीवरचा उपग्रह डोक्यावर असेल तर सूर्य क्षितिजाखाली 23 अंश जाईपर्यंत तो उन्हात असतो, म्हणजे पुण्या-मुंबईत सूर्यास्तानंतर साधारण दीड-पावणेदोन तास, मग तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि दिसेनासा होतो. पहाटे हेच उलट्या क्रमाने. मध्यरात्री आपलं आकाश या खालच्या उपग्रहांपासून जवळजवळ मोकळं असतं. जूनमध्ये हॉलंड-इंग्लंडकडे सूर्य रात्रभर क्षितिजाच्या फार खाली जातच नाही, तिथल्या हौशी लोकांना रात्रभर हा ताप. वनवेबचे 1200 किमीवर असतात, ते तितक्या उंचीमुळे जास्त वेळ उन्हात राहतात. म्हणून ग्रुपवर माझं एकच सांगणं असतं, संध्याकाळी चंद्र-शनी दाखवून घ्या आणि तेजोमेघ, दीर्घिका वगैरे फिकट मंडळी अकरानंतर.

फोटोवाल्यांचं म्हणाल तर देवयानी दीर्घिकेच्या फ्रेममधून उपग्रहाची रेघ गेली की शिवी तोंडात येते, पण आपण एकाच जागेच्या पन्नास-शंभर फ्रेम घेऊन स्टॅक करतो, म्हणजे एकावर एक रचतो, सॉफ्टवेअर एखाद्याच फ्रेममध्ये असलेली रेघ काढून टाकतं. त्यामुळे हौशी माणसाचं तसं भागतं. खरी पंचाईत मोठ्या वेधशाळांची. नोव्हेंबर 2019 मध्ये चिलीतल्या सेरो टोलोलोच्या दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यात पाच-साडेपाच मिनिटांच्या एकाच फ्रेममध्ये 19 रेघा आल्या होत्या, आणि तेव्हा तर सुरुवात होती! आता तिथेच जवळ रुबिन वेधशाळा सुरू झालीय, 8.4 मीटरचा आरसा, 3200 मेगापिक्सेलचा कॅमेरा, तिचं कामच आकाशात काय बदललं ते शोधणं. पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरणारे लघुग्रह शोधायचे तर सूर्याजवळ बघावं लागतं, म्हणजे संधिप्रकाशात, आणि नेमके तेव्हाच सगळे उपग्रह उन्हात चमकत असतात. उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा फिकट ठेवा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाहीत, असं खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलंय (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं फिकट). स्टारलिंकने काळा रंग देऊन बघितला, उन्ह अडवायला झडपा लावून बघितल्या, नंतर उपग्रह एकमेकांशी ज्याने बोलतात त्या लेझरच्या आड येतात म्हणून झडपा काढल्या. काही प्रमाणात फिकट झाले, नाही असं नाही. पण 2022 ला सोडलेल्या ब्लूवॉकर 3 या दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहाने 64 चौरस मीटरचा ॲन्टेना उलगडला आणि तो आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला.

रेडिओ दुर्बिणवाल्यांना तर रात्र काय नि दिवस काय. 2023 मध्ये युरोपातल्या लोफार रेडिओ दुर्बिणीला स्टारलिंकच्या उपग्रहांतून 110 ते 188 मेगाहर्ट्झमध्ये रेडिओ लहरींची गळती सापडली, संदेश पाठवायची लहर नव्हे, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सची नुसती कुरकुर. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा एक पट्टा 120 ते 250 मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे बघा.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. शहरातल्या दिव्यांचा त्रास झाला की आपण गाडी काढून वांगणी गाठायची, भोर-वेल्ह्याकडे जायचं, अगदीच हौस असेल तर विदर्भातला पेंच व्याघ्र प्रकल्प, 2024 मध्ये तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क झाला, वनखात्याने आसपासच्या गावांतले दिवे बदलले आणि आकाश खरंच सुधारलं. दिवा झाकता येतो, बदलता येतो, गावकऱ्यांशी बोलता येतं. डोक्यावरून जाणाऱ्यापासून कुठे पळणार? पेंच काय, लडाखमधलं हानले काय, रेघा सगळीकडे सारख्याच. (आणि वर गेलेलं खालीही येतं. एप्रिल 2022 ला विदर्भात सगळ्यांनी जी जळती रांग पाहिली ती चिनी रॉकेटची टाकाऊ अवस्था होती, तिची भली मोठी धातूची कडी सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात पडली, कोणाला लागलं नाही हे नशीब.)

नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी करार करायचं ठरवलं, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिवला इंटरनेट द्यायला. याला विरोध करायला माझी जीभ रेटत नाही. तिथल्या आश्रमशाळेत, आरोग्य केंद्रात नेटवर्क आलं तर माझ्या देवयानीच्या फोटोची काय किंमत? पण स्पेक्ट्रम किती, डेटा कुठे साठवणार, दर काय, हे सगळं विचारता ना, तर त्याच बैठकीत "चमक कितवी प्रत?" हेही विचारा. कोणीतरी ग्राहक म्हणून विचारल्याशिवाय कंपन्या आपणहून झडपा लावत बसणार नाहीत.