उन्हाळ्यात नेमावर: इंदूरहून एका दिवसात स्नान, दर्शन आणि बाफले

मे महिन्यात घरातली सगळी, म्हणजे आजी-आजोबांपासून शाळेतल्या मुलांपर्यंत, नर्मदाकाठच्या नेमावरला सिद्धनाथाच्या दर्शनाला जाऊन त्याच दिवशी परत येऊ शकतात. फक्त दिवस उन्हाकडे बघून आखायला हवा. नऊच्या आत स्नान-दर्शन, बाराच्या आत जेवण, साडेचारपर्यंत सावली आणि मग परतीचा रस्ता. यातलं एक जरी पुढे सरकलं, तरी पुढचं सगळं उन्हात येतं.

इंदूरकरांचा अंदाज इथेच चुकतो. आपण साधारण साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर राहतो. उन्हाळ्यातही रात्री वारा सुटतो, म्हणून ऊन सोसण्यासारखं वाटतं. नेमावर मात्र नर्मदेच्या खोऱ्यात, बरंच खाली आहे. तिथे पारा इंदूरपेक्षा दोन-एक अंश वर असतोच, आणि दुपारची लू, म्हणजे उष्ण वारा, तर अंग भाजून काढते.

अंतर सव्वाशे ते एकशेतीस किलोमीटर, वेळ तीन तास. इंदूरच्या तीन इमली चौकावरून नेमावर रोड धरायचा, देवगुराडिया, डबल चौकी, चापडा, मग घाट उतरून कन्नोद, खातेगाव आणि नेमावर. पहाटे साडेचारला गाडी निघाली तर साडेसातपर्यंत पोहोचता. सहाला निघालात तर दर्शनाआधीच पायाखालची फरशी तापायला लागते. घरून निघण्याआधी, टायर गार असतानाच, त्यांची हवा बघा. परतीला घाट चढताना इंजिनाचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करा, काचा खाली करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. डबल चौकीच्या पुढे जाईपर्यंत कुणी पोहे मागत नाही. पोहे घरून न्या, पण शेव वेगळ्या डब्यात आणि लिंबू खाताना पिळायचं.

तारीख ठरवताना पंचांग बघाच. अमावास्या-पौर्णिमेला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, आणि १५ जूनला सोमवती अमावास्या. ज्यांना पुण्य हवं त्यांनी तेव्हा जरूर जावं, पण लहान मुलं आणि गुडघे दुखणारे आजोबा बरोबर असतील तर मधला एखादा मंगळवार-बुधवार निवडा.

पोहोचल्यावर आधी नदी, मग देऊळ. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांच्यावर शेवाळाचा पातळ, हिरवट थर असतो. वरून तो वाळलेला दिसतो, ओला पाय पडला की साबणासारखा निसटतो. म्हणून पायरी चढताना-उतरताना बोटं आधी टेकवा, टाच नंतर. गुडघाभर पाण्यात बसून तांब्याने आंघोळ केली तरी स्नान पूर्ण होतं. नदी संथ दिसते म्हणून पुढे जाऊ नका. पायऱ्या संपतात तिथे तळ एकदम खोल जातो.

पाऊस नाही म्हणजे पाणी वाढणार नाही, हेही मनातून काढून टाका. एप्रिल २००५ मध्ये, देवास जिल्ह्यातच खालच्या अंगाला धाराजीला, भुतडी अमावास्येच्या मेळ्यात लोक नदीपात्रात असताना इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि साठहून जास्त माणसं वाहून गेली. नेमावरच्या वरच्या अंगालाही बरगी आणि तवा ही धरणं आहेतच. उघड्या पडलेल्या खडकांवर सतरंजी अंथरून बसणं मुळीच नको, मग सावली कितीही चांगली असो. नर्मदेचं नाभिस्थान इथे पात्रात मानतात. नावेने जायचं असेल तर लाइफ जॅकेट असलेलीच नाव घ्या आणि भाडं आधी ठरवा.

सिद्धनाथाचं देऊळ परमारकालीन आहे. सिन्नरचा गोंदेश्वर किंवा अंबरनाथचं शिवमंदिर ज्यांनी पाहिलंय त्यांना शिखर बघताच ओळख पटेल, कारण पद्धत तीच, भूमिज. शिखराच्या चारही अंगांना मधोमध एकेक उभी पट्टी थेट वरपर्यंत जाते, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या-छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात, वर जावं तशा लहान होत. सकाळच्या तिरप्या उन्हात या रांगांची सावली पडते आणि प्रत्येक छोटं शिखर सुटं दिसतं. अकरानंतर सगळं सपाट होतं. मुलांना हे दाखवायचं असेल तर दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी पाच मिनिटं बाहेर उभं करून दाखवा.

बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती खातेगाव येईपर्यंत काळी पडतात. प्रदक्षिणा सोमसूत्री, म्हणजे पन्हळीपर्यंत जाऊन मागे फिरायचं, पन्हळ ओलांडायची नाही. फरशी तापते, म्हणून आजी-आजोबांसाठी जाड सुती मोजे पिशवीत असू द्या आणि ते चालतील का हे पुजाऱ्यांना विचारून घ्या. गाभाऱ्यात गर्दी, दिवे आणि ओल यांनी जीव घाबरा होतो. उपाशी पोटी, उपास धरून आलेल्यांना तिथे भोवळ येते. आत जाण्याआधी त्यांना घोटभर पन्हं द्या.

आता बाफले, म्हणजे आधी उकडून मग निखाऱ्यावर भाजलेले गव्हाच्या पिठाचे गोळे. इंदूरच्या मराठी घरांत अशा सहलीला पुरण नको म्हणतील, पण दाल-बाफल्यांशिवाय चालत नाही. उन्हाळ्यात सगळी कामं तिथे करत बसलात तर जेवायला अडीच वाजतात, म्हणून उकडायचं काम घरी आणि भाजायचं तिथे.

आठ माणसांना वीस-बावीस बाफले लागतात. सव्वा किलो जाडसर दळलेला गहू, मालवी कठिया (कडक दाण्याचा गहू) मिळाला तर उत्तम. दीडशे ग्रॅम मक्याचं पीठ, दोनशे ग्रॅम तुपाचं मोहन, शंभर ग्रॅम दही, दोन चमचे ओवा, मीठ, हळद आणि अगदी अर्धा लहान चमचा सोडा. मोहन पिठाला इतकं चोळायचं की मूठ वळली तर टिकली पाहिजे. मग पाणी घालून पुरीपेक्षा घट्ट मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. सोडा जास्त पडला की बाफला उकळत्या पाण्यातच फुटतो. मोहन कमी पडलं की दगड होतो.

लिंबापेक्षा मोठे, वरून किंचित दाबलेले गोळे खळखळ उकळत्या हळदीच्या पाण्यात एकेक सोडा. आधी ते तळाशी बसतात, म्हणून एकदा हलक्या हाताने हलवा. नंतर वर येतात. वर आल्या-आल्या काढायची घाई करू नका, एकूण पंधरा ते वीस मिनिटं द्या, नाहीतर आत कच्चा गाभा राहतो. हे पहाटे तीन-साडेतीनला करायचं, आदल्या रात्री नव्हे. रात्रभर ठेवलेले उकडलेले गोळे या दिवसांत चिकट आणि आंबूस होतात. सुती पंचावर पसरून वाफ पूर्ण जाऊ द्या, टोपलीत पंचा घालून त्यात ठेवा. झाकणाच्या डब्यात भरलेत तर त्यांना घाम सुटतो, आणि ओल्या बाफल्याला राख चिकटून बसते.

भाजायला पंचवीस-तीस कंडे, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, लागतात. घाटाच्या पायऱ्यांवर पेटवू नका. दगड काळे पडतातच, शिवाय राखेखालचा निखारा दिसत नाही आणि अनवाणी आलेल्याचा पाय भाजतो. धर्मशाळेत किंवा एखाद्या आवारात विचारून स्वयंपाकाची जागा घ्या. सुकं गवत आसपास नको, आणि विझवायला वीस लिटर पाणी शेजारी हवं. पेटवायला कापूर आणि नारळाची शेंडी पुरते; रॉकेलचा वास थेट बाफल्यात उतरतो. नऊला पेटवा, कारण अकरानंतर लू सुटली की ठिणग्या उडतात. ज्वाळा पूर्ण शमून कंड्यावर पांढरी राख धरली की थर पसरा, बाफले ठेवा, वरून गरम राख लोटा. दर पाच मिनिटांनी फिरवत वीस-पंचवीस मिनिटं. वरची साल तडकली आणि बोटाने वाजवल्यावर पोकळ आवाज आला की झालं. जाड कापडात घोळवून राख झटका, हलका दाबून तोंड उघडा आणि पातळ केलेल्या तुपात बुडवा. तूप अर्धा किलो धरा. त्यात कंजूषी करायची असेल तर पोळीभाजी न्यावी.

डाळ तिथेच शिजवा: चारशे ग्रॅम तूर आणि शंभर ग्रॅम मूग. घरून शिजवून नेलेली डाळ गाडीत तीन तासांत फसफसते. पहिले दोन बाफले चुरून त्यात तूप आणि पिठीसाखर घाला, तोच नैवेद्य.

पन्ह्याचा गर घरून न्या: एक किलो उकडलेल्या कैऱ्या, सातशे ग्रॅम गूळ, मीठ, वेलदोडा. एक वाटी गराला चार वाट्या माठातलं पाणी. वेगळं पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर. जेवणानंतर तुपाच्या सुस्तीत कुणी उघड्यावर झोपणार नाही, हे बघा. कुणाचा घाम थांबला, कातडी गरम-कोरडी लागली, बोलणं असंबद्ध झालं तर तो नुसता थकवा नव्हे, लू लागली आहे, म्हणजे उष्माघात. सावलीत निजवा, मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

राख पूर्ण गार झाल्यावर पोत्यात भरून घरी आणा, कुंड्यांना चालते. नर्मदेत टाकू नका. संध्याकाळी साडेचारला निघालात तर घाट उजेडात चढून होतो. उरलेले बाफले फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून, कांदा-मिरची-कढीपत्त्याची फोडणी देऊन, फोडणीच्या पोळीसारखे परता, वरून शेव.